'अ‍ॅलन पार्सन्स प्रॉजेक्ट' : एका भागीदारीचा उदयास्त

एखादी कलाकृति अनेक हातांनीं घडलेली असली म्हणजे तिचें श्रेय कोणाच्या पदरीं घालावें, हा प्रश्न टीकाशास्त्रांत फार जुना आहे. आमच्या संगीत नाटकांचेंच उदाहरण घ्या. 'मानापमान' १९११ सालीं रंगभूमीवर आलें. पदें खाडिलकरांचीं, चाली गोविंदराव टेंबे यांच्या. परंतु लोक नाटकगृहाकडे धांव घेत ते बालगंधर्वांच्या गाण्यासाठीं. गाणाऱ्या गळ्यानें सर्वांचें श्रेय गिळावें ही रीत केवळ आमच्याकडचीच आहे असें नव्हे. पाश्चात्त्य देशांत १९५० नंतर 'रॉक' या नांवानें जें संगीत पुढें आलें त्यांत ती अधिकच बळावली. चार-पांच तरुणांचा मेळा, त्यांतील एक देखणा गायक, त्यांचे पोशाख, त्यांचीं भांडणें आणि त्यांचीं छायाचित्रें हें सारें मिळून जें कांहीं होई त्यास तेथें संगीत म्हणत. आणि मेळ्याचें नांव हीच त्या मालाची छाप असे.

अशा त्या जगांत १९७६ पासून १९८७ पर्यंत दहा तबकड्या अशा निघाल्या कीं, त्यांच्या मागें गांवोगांव फिरणारा मेळा नव्हता, ठरलेला गायक नव्हता, आणि रंगमंच तर मुळींच नव्हता. त्यांच्यावर नांव होतें तें ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसाचें : 'दि अ‍ॅलन पार्सन्स प्रॉजेक्ट'. प्रॉजेक्ट म्हणजे योजना, उपक्रम. हें नांव मुळांत कामापुरतें ठेवलेलें होतें; तें चिकटलें तें कायमचें. ज्या दोघांनीं ही योजना आंखली त्यांतील एकाचें नांव तींत आहे. दुसऱ्याचें, म्हणजे एरिक वूल्फसनचें, नाहीं. या भागीदारीचा उत्कर्ष कशानें झाला व तिला उतरती कळा कशानें लागली, हें आम्हांस येथें पहावयाचें आहे. आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकावयाचें तर तें असें कीं, गाण्यासाठीं गायक शोधावयाचा, गायकासाठीं गाणें नव्हे, हें या उपक्रमाचें तत्त्व होतें; त्या तत्त्वानें त्यास मान मिळवून दिला, आणि सर्वांत मोठें यश मात्र तें तत्त्व सोडल्यानें मिळालें. त्या यशाचा निकाल दोघां भागीदारांस पुढें पचला नाहीं.

लंडनमधील अ‍ॅबी रोडवरील ध्वनिमुद्रणगृह आज रॉक संगीताचें क्षेत्र म्हणून ओळखलें जात असलें तरी त्याचा जन्म त्या संगीताच्या फार आधींचा आहे. १९३१ सालच्या नोव्हेंबरांत सर एडवर्ड एल्गार या विख्यात संगीतकारानें तेथें वाद्यवृंदाचें संचालन करून त्याचें उद्घाटन केलें. तें ग्रामोफोन कंपनीचें. म्हणजे भोंग्याजवळ कान देऊन बसलेल्या ज्या कुत्र्याचें चित्र आमच्याही घरांतील तबकड्यांवर असे, त्याच 'हिज मास्टर्स व्हॉइस'चें घराणें. ती कंपनी त्याच वर्षीं दुसऱ्या एका कंपनीशीं एकत्र होऊन ई. एम. आय. ही मोठी संस्था झाली. या वास्तूंत १९६७ सालीं अ‍ॅलन पार्सन्स हा अठरा वर्षांचा मुलगा नोकरीस लागला. बीटल्सच्या 'अ‍ॅबी रोड' (१९६९) या तबकडीच्या वेळीं तो साहाय्यक होता. आणि पिंक फ्लॉइड या मेळ्याच्या 'दि डार्क साइड ऑफ दि मून' (१९७३) या तबकडीचें ध्वनिमुद्रण तर त्यानेंच केलें. तींत एके ठिकाणीं असंख्य घड्याळें एकाएकीं ठणठणूं लागतात. तीं घड्याळें पार्सन्सनें एका जुन्या घड्याळांच्या दुकानांत जाऊन एकेक करून मुद्रित केलेलीं होतीं. तींही या गाण्यासाठीं नव्हेत, तर ध्वनीच्या एका नव्या पद्धतीचें प्रात्यक्षिक दाखविण्यासाठीं. मेळ्याच्या गाण्याचा विषय 'काळ' असा निघाला, आणि घड्याळें तयारच होतीं! ऐकणारा त्या प्रसंगाचें कौतुक मेळ्यास देतो, व तें स्वाभाविकही आहे. परंतु ध्वनिमुद्रकाचें काम यंत्राची कळ दाबण्याइतकेंच असतें अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनीं या घड्याळांचा विचार करावा. कोणता आवाज जवळ ठेवावा, कोणता लांब. कोणास खोलींत उभें करावें व कोणास मोकळ्या मैदानांत उभा असल्याचा भास द्यावा, हा सर्व निवड करणाऱ्या मनाचा खेळ आहे.

वूल्फसन हा ग्लासगोचा, १९४५ सालीं जन्मलेला. पियानो त्यानें आपला आपणच शिकला. गीतें लिहिणें, चाली बांधणें, आणि इतर कलावंतांची व्यवस्था पाहणें असे त्याचे उद्योग होते. या दोघांची गांठ १९७४ सालीं अ‍ॅबी रोडच्याच उपाहारगृहांत पडली. वूल्फसन प्रथम पार्सन्सचा व्यवस्थापक झाला, आणि थोडक्याच काळांत त्यानें आपल्या मनांतील एक जुनी कल्पना त्याच्यापुढें मांडली : एड्गर अ‍ॅलन पोच्या कथा-कवितांवर एक संपूर्ण तबकडी रचावयाची. त्याच्या डोळ्यांपुढें दृष्टांत होता तो सिनेमाचा. सिनेमा पूर्वीं नटांच्या नांवानें ओळखला जाई. पुढें तो दिग्दर्शकाच्या नांवानें ओळखला जाऊं लागला. मग तबकडीही गायकाची न राहतां ती घडविणाराची कां होऊं नये? या विचारांत पार्सन्स हा दिग्दर्शक, वूल्फसन हा कथालेखक, आणि गायक-वादक हे भूमिकेपुरते बोलाविलेले नट. उपक्रमास पार्सन्सचें नांव मिळालें तें या विचारास धरूनच मिळालें. म्हणजे वूल्फसनवर कोणी अन्याय केला असें म्हणण्यास येथें जागा नाहीं. आपलें नांव मागें ठेवण्याचा व्यवहार त्यानें स्वतः व्यवस्थापकाच्या नात्यानें केला. आपल्या अशिलाचें हित त्यानें चोख पाहिलें. फक्त आपण स्वतःही त्याच दाव्यांत पक्षकार आहों, ही गोष्ट त्या वेळीं त्याच्या हिशेबांत आली नसावी.

'टेल्स ऑफ मिस्टरी अँड इमॅजिनेशन' ही पहिली तबकडी १९७६ सालीं निघाली. ज्यांनीं कॉलेजांत पो वाचला आहे त्यांस ठाऊकच आहे कीं, त्याच्या गोष्टींचा प्राण कथानकांत नसून बोलणाऱ्याच्या आवाजांत असतो. आपण शहाणे आहों असें पुनःपुन्हां बजावणारा वेडा, सूड उगवून झाल्यावर पन्नास वर्षांनीं शांतपणें हकीकत सांगणारा खुनी, यांचे आवाज एकाच गायकाच्या तोंडीं घातले तर सर्वच फसावयाचें. येथेंच गाण्यासाठीं गायक या तत्त्वाचें मोल कळतें. 'टेल-टेल हार्ट'साठीं त्यांनीं आर्थर ब्राउन यास बोलाविलें. हा मनुष्य १९६८ सालीं डोक्यावर पेटतें शिरस्त्राण घालून किंकाळ्या फोडीत गाण्याबद्दल प्रसिद्ध पावलेला. त्या वेड्याची भूमिका त्याच्याइतकी कोणास शोभली असती? उलट, 'कास्क ऑफ अमाँटिलाडो'साठीं जॉन माइल्सचा स्वच्छ व गोड गळा निवडला. मित्रास तळघरांत नेऊन भिंतीआड जिवंत चिणणाऱ्या माणसाच्या तोंडीं इतका गोडवा ठेवणें हें निवडणाराच्या रसज्ञतेचें लक्षण आहे. गाणें हळू आवाजांत सुरू होतें, आणि जसजसा भिंतीचा एकेक थर चढावा तसतसे वाद्यवृंद व समूहस्वर चढत जातात. 'दि रेव्हन' या कवितेवरील गीतांत पार्सन्सनें स्वतःचा आवाज व्होकोडर नांवाच्या यंत्रांतून काढला आहे; या यंत्रानें माणसाच्या उच्चारास वाद्याच्या स्वराचा सांचा मिळतो. पुढचा भाग गाणारा लेनर्ड व्हाइटिंग हा १९६८ सालच्या चित्रपटांतील रोमिओ. गायक नव्हे, नट! योजकांची दृष्टि कोठें होती हें यावरून स्पष्ट व्हावें.

तबकडीच्या दुसऱ्या बाजूचा बहुतेक भाग 'फॉल ऑफ दि हाउस ऑफ अशर' या शब्दांवांचूनच्या दीर्घ वाद्यरचनेनें व्यापिला आहे. वाद्यवृंदाची मांडणी अँड्र्यू पॉवेल याची. तींत वादळ आहे, भीति आहे. पण आम्हांस ती थोडी लांबलेली वाटते. पोच्या मूळ गोष्टींत जी घुसमट आहे तिला एवढा मोठा वाद्यवृंद जड होतो. पडक्या वाड्यांत वरात शिरावी तसें होतें. आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे. ऑर्सन वेल्स या थोर नटानें या तबकडीसाठीं पोचे उतारे आपल्या गंभीर आवाजांत वाचून त्याची फीत पाठविली. तो दोघांपैकीं कोणासही प्रत्यक्ष भेटला नाहीं. ती फीत १९७६ च्या आवृत्तींत आली नाहीं. १९८७ सालीं पार्सन्सनें सर्व तबकडी नव्यानें जुळविली तेव्हां वेल्सचा आवाज तींत घातला, आणि त्याबरोबर गिटारचे नवे तुकडे व पुष्कळशी घुमारी हीं सुद्धां घातलीं. वेल्सचा आवाज ही जोड मोलाची आहे. बाकीचें नसतें तर बरें झालें असतें. जुन्या पोथीवर नवी शाई फिरविण्याचा हा मोह विद्वान् संपादकांसही आवरत नाहीं, तेथें पार्सन्सला काय बोल लावावा!

दुसरी तबकडी 'आय रोबॉट' (१९७७). आयझॅक अ‍ॅसिमॉव्हच्या यंत्रमानवांच्या कथांवर ती बेतावयाची होती, व खुद्द लेखकास ती कल्पना पसंत होती; परंतु त्या कथांचे हक्क दुसरीकडे विकले गेले होते. तेव्हां पुस्तकाच्या नांवांतील 'आय'पुढचा स्वल्पविराम काढून टाकून विषय सर्वसाधारण यंत्रमानवाचा केला. एका स्वल्पविरामानें कायद्याची अडचण दूर झाल्याचें असें उदाहरण व्याकरणाच्या शिक्षकांनीं संग्रहीं ठेवावें. येथेंही बहुतेक प्रत्येक गाण्यास निराळा गायक आहे. एका गाण्यांत तर पीटर स्ट्रेकर व जाकी व्हिट्रेन, एक पुरुष व एक स्त्री, असे दोघे गातात, आणि एकाचा आवाज केव्हां संपला व दुसरीचा केव्हां सुरू झाला हें चटकन् उमगत नाहीं. ही तबकडी अमेरिकेंत पहिल्या दहांत जाऊन बसली.

गायक बदलत असतांही या तबकड्या एका घराच्या वाटतात याचें कारण वादक. इअन बेर्नसन गिटारवर, डेव्हिड पेटन मंद्र गिटारवर, आणि तालवाद्यांवर प्रथम स्टुअर्ट टॉश व नंतर स्टुअर्ट एलियट. यांतील पहिले तिघे 'पायलट' या मेळ्यांतले. त्यांच्या तबकड्या पार्सन्सनेंच तयार केल्या होत्या. केट बुश हिची पहिली तबकडी १९७८ सालीं निघाली, तिचा निर्माता अँड्र्यू पॉवेल, व तिच्यांतही हींच माणसें वाजवितात. बेर्नसन तर या उपक्रमाच्या दहाही तबकड्यांत आहे. तो २०२३ सालीं वारला. त्याचें नांव त्याच्या वाजविण्याइतकें लोकांच्या कानांवर कधींच गेलें नाहीं.

'पिरॅमिड' (१९७८) विषयीं विशेष सांगण्यासारखें नाहीं. विषय भव्य, गाणीं बेताचीं. 'ईव्ह' (१९७९) ही स्त्रीविषयक म्हणविणारी तबकडी आम्हांस त्याहूनही कमी आवडते. तिच्यांत स्त्रीविषयीं बोलतात ते बहुधा पुरुष, आणि तेही कुरकुरत व दांत खात. लेझ्ली डंकन व क्लेअर टॉरी या दोन गायिकांस एकेक गाणें मिळालें आहे, आणि तबकडींतील चांगलीं तीं हींच. मात्र याच सुमाराची एक गोष्ट या उपक्रमाच्या अंतरंगावर अधिक प्रकाश टाकते. प्रकाशक कंपनी अरिस्टा हिच्याशीं करारांतील अटींविषयीं बोलणीं चाललीं होतीं, व करारांत तबकड्यांची संख्या ठरलेली. तेव्हां दोघांनीं अगदीं थोडक्या वेळांत केवळ वाद्यसंगीताची एक तबकडी उरकून कंपनीच्या हवालीं केली. बुद्धिबळांतील एका डावावरून तिचें नांव 'दि सिसिलियन डिफेन्स', व आंतील तुकड्यांचीं नांवें म्हणजे त्या डावांतील चाली. कंपनीनें ती प्रसिद्ध केली नाहीं. ती लोकांपुढें आली २०१४ सालीं, समग्र तबकड्यांच्या संचांत. ऐकून पाहिली तर ती न निघाली हेंच बरें झालें असें वाटतें. परंतु कलेचा व्यवहार एकदां नगांवर मोजला जाऊं लागला म्हणजे कलावंतही नगच देऊं लागतात, हें तिच्यावरून ध्यानांत येतें.

यानंतर एकदम 'दि टर्न ऑफ ए फ्रेंडली कार्ड' (१९८०) यावी हें नवलच होय. आमच्या मतें हा या भागीदारीचा परमोत्कर्ष. विषय जुगार. दोघांचें वास्तव्य त्या काळीं मोनॅको संस्थानांत असे. तेथील जुगारगृहें जगप्रसिद्ध. पोच्या किंवा यंत्रमानवाच्या वेळीं विषय पुस्तकांतून आला होता; या खेपेस तो खिडकींतून दिसत होता. दुसऱ्या बाजूस सोळा मिनिटांची एक पंचखंडी रचना आहे. ती एका माणसाच्या जुगारी वेडाचें चक्र गातें, आणि त्या चक्रांतून सुटका नाहीं हें सांगण्यासाठीं आरंभींचीच धून शेवटीं परत आणते. खालीं खालीं जाणाऱ्या माणसाविषयीं गातांना क्रिस रेनबोचा आवाज उंच, निर्मळ व अलिप्त राहतो. तो उपदेश करीत नाहीं, कींव करीत नाहीं. 'अशर'मध्यें जो वाद्यवृंद अंगावर येत होता तोच येथें मागें उभा राहून पत्ते वांटतो आहे असें वाटतें. पहिल्या बाजूस लेनी झकाटेक याचा खडा आवाज ईर्ष्येच्या गाण्यास दिला आहे. प्रत्येक गळा आपापल्या जागीं.

या तबकडींत 'टाइम' नांवाचें एक संथ गाणें आहे, आणि तें गातो वूल्फसन. येथवर दर तबकडीच्या वेळीं गाणें तयार होतांना तोच तें प्रथम गाऊन दाखवी. पुढें नेमलेला गायक येई, आणि वूल्फसनचा आवाज पुसून टाकला जाई. नाटकाच्या तालमींत कवीनें पदें म्हणून दाखवावीं, तशांतला प्रकार. त्याचा आवाज मुख्य गायकाचा नव्हे अशीच समजूत होती, व ती सर्वस्वीं चुकीची नव्हती. त्याच्या गळ्यांत जोर नाहीं, धार नाहीं, फिरत तर नाहींच. परंतु 'टाइम'मध्यें वाहून जाणाऱ्या काळापुढें हात टेकलेला माणूस बोलतो आहे, आणि त्यास असाच, किंचित् थकलेला, स्वतःशींच बोलणारा गळा हवा होता. म्हणजे वूल्फसन येथें गायिला तो तत्त्व मोडून नव्हे. इतर गायकांप्रमाणें तोही त्या एका भूमिकेसाठीं योग्य नट होता. अमेरिकेंत हें गाणें पंधराव्या क्रमांकापर्यंत चढलें.

'आय इन दि स्काय' (१९८२) या तबकडीचें शीर्षकगीत त्याच्याही पुढें गेलें : तिसरा क्रमांक. छतांतील गुप्त कॅमेरे जुगाऱ्यांवर नजर ठेवतात, त्यांस त्या धंद्यांत 'आकाशांतला डोळा' म्हणत. ही कल्पना वूल्फसननें एका तुटत्या प्रेमाच्या गीतांत योजिली. पार्सन्सला हें गाणें आरंभीं आवडलें नव्हतें. बेर्नसनला गिटारवर तो एकसारखा ठेका सांपडला तेव्हां कोठें त्यास रूप आलें. गातो वूल्फसन. गाणें गोड आहे, आणि 'सिरियस' नांवाच्या ज्या दोन मिनिटांच्या वाद्यरचनेंतून तें उगवतें ती तर आणखीच प्रभावी. शिकागोच्या बास्केटबॉल संघाचे खेळाडू मैदानांत उतरतांना ती वाजूं लागली, आणि ज्यांनीं पार्सन्स किंवा वूल्फसन हीं नांवें कधीं ऐकलीं नाहींत अशा लक्षावधि लोकांस ती पाठ झाली.

परंतु याच तबकडीचा शेवट 'ओल्ड अँड वाइज' या गाण्यानें होतो, तिकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. मृत्यूच्या उंबरठ्यावरून मित्रांकडे मागें वळून पाहणारें हें गीत. तें वूल्फसन सहज गाऊं शकला असता; तें दिलें कॉलिन ब्लन्स्टोन यास, आणि त्याच्या आवाजांतील तो धुरकट श्वास त्या गीतास असा कांहीं लागू पडला आहे कीं, शेवटीं सॅक्सोफोन सुरू होतो तेव्हां तो गायकाच्याच न बोललेल्या शब्दांसारखा वाटतो. एकाच तबकडीच्या आरंभीं व शेवटीं हे दोन मार्ग समोरासमोर उभे आहेत : एक गाण्यासाठीं गायक शोधणारा, दुसरा लोकांस आवडलेल्या आवाजासाठीं गाणीं रचणारा. बाजारानें दुसऱ्यास कौल दिला. वूल्फसननेंही कां नाकारावा? दहा दहा गाणीं लिहून तीं दुसऱ्यांच्या तोंडीं ऐकावयाचीं, तबकडीवर नांव तिसऱ्याचें, आणि अखेर स्वतःच्या गळ्यानें जगानें आपणांस ओळखावें! हा मोह आम्ही क्षुद्र मानीत नाहीं.

पुढच्या 'अमोनिया अ‍ॅव्हेन्यू' (१९८४) या तबकडींत आठ गाणीं गायिलेलीं आहेत. त्यांपैकीं चार वूल्फसनचीं. नांव बिलिंगहॅम येथील एका रसायन कारखान्यांतील रस्त्याचें. झाड नाहीं, माणूस नाहीं, दुतर्फा केवळ नळांच्या रांगा, आणि पाटी मात्र राजमार्गाची. तें दृश्य वूल्फसननें पाहिलें आणि त्यावर शीर्षकगीत रचलें. तें चांगलें आहे. परंतु 'प्राइम टाइम' हें गाणें ऐकतांना 'आय इन दि स्काय'मधील गिटारचा ठेका पुन्हां कानांवर येतो, आणि १९८५ च्या 'व्हल्चर कल्चर'मधील 'सूनर ऑर लेटर' ऐकतांना तिसऱ्यांदा. एकदां लाभलेलें गिऱ्हाईक पुन्हां यावें म्हणून तोच पदार्थ पुन्हां तळावा, तसा हा मामला. 'व्हल्चर कल्चर'मध्यें पॉवेलचा वाद्यवृंदही नाहीं. त्याच वर्षीं आलेल्या 'लेडीहॉक' या चित्रपटाचें संगीत त्यानें रचलें होतें, आणि त्याचा निर्माता होता पार्सन्स. म्हणजे वाद्यवृंद सिनेमांत गेला, व उपक्रमाच्या पदरीं यांत्रिक टकटक राहिली. 'स्टिरिऑटमी' हें पुढच्या तबकडीचें नांव पोच्याच एका कथेंतून काढलेला शब्द आहे. शब्द पोचा असला तरी पोची भीति तेथें परत आली नाहीं. जॉन माइल्स जीव तोडून गातो, आणि ढोलाच्या त्या काळीं रूढ झालेल्या फुगीर आवाजांत तो बुडतो.

शेवटची 'गाउदी' (१९८७) कांहींशी सांवरलेली आहे. बार्सिलोना येथील साग्रादा फामिलिया हें प्रचंड देऊळ १८८३ पासून हातीं घेऊन त्यासाठीं आयुष्य वेंचणारा, आणि तें पुरें होण्यापूर्वींच १९२६ सालीं ट्रामखालीं सांपडून मेलेला शिल्पकार अंतोनी गाउदी हा तिचा विषय. पॉवेल परत आला आहे. पहिल्या दीर्घ गीतांत जॉन माइल्सच्या आवाजास दगडी कमानींखालीं उभें राहिल्याचा विस्तार लाभला आहे, आणि दिग्दर्शक पार्सन्स अद्याप जिवंत आहे याची खूण पटते. परंतु बारकाईनें ऐकणाराच्या ध्यानांत येईल कीं, हीं गाणीं तबकडींत मावत नाहींत. त्यांना पात्रें हवीं आहेत, प्रवेश हवे आहेत, रंगमंच हवा आहे. वूल्फसनचें मन कोठें लागलें होतें तें येथें उघड होतें. पुढें १९९३ सालीं त्यानें 'गाउदी'चें संगीत नाटकच केलें.

फूट पडली ती 'फ्रॉइडियाना'वर. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याच्यावरील ही अकरावी तबकडी व्हावयाची होती. काम चालू असतांनाच वूल्फसनला तिच्यांत नाटक दिसूं लागलें. त्या धंद्यांतील अनुभवी माणसांनीं त्यास दुजोरा दिला. रंगभूमीवर लेखकाचें नांव पाटीवर लागतें. पार्सन्सचें मन तिकडे ओढलें नाहीं, आणि तें योग्यच होतें. नाटक रोज रात्रीं थोडें निराळें होतें, कोणी सूर चुकतो, कोणी खोकतो, आणि पार्सन्सची सारी कला एकदां अचूक साधलेलें कायमचें करून ठेवण्याची! १९९० सालच्या डिसेंबरांत 'फ्रॉइडियाना' व्हिएन्ना येथें रंगभूमीवर आलें. त्याच्या गाण्यांची तबकडीही त्याच वर्षीं निघाली, परंतु तिच्यावर 'प्रॉजेक्ट'चें नांव नव्हतें.

त्याच वर्षीं बेल्जममध्यें एका जलशांत या उपक्रमाचें संगीत प्रथमच श्रोत्यांसमोर सादर झालें. नेहमींचे वादक मंचावर होते. पार्सन्स शेवटचें गाणें येईपर्यंत ध्वनियंत्रापाशींच बसून होता. मग गिटार घेऊन वर आला. वूल्फसन तेथें हजर होता, पण पडद्याआड. पंधरा वर्षांच्या संसारांत कोणाची जागा कोठें होती, तें इतक्या स्पष्टपणें दुसऱ्या कोणत्याही वेळीं दिसलें नसेल.

तबकड्यांवर गीतें व चाली दोघांच्या संयुक्त नांवानें छापल्या जात. वस्तुतः गाण्यांचा बहुतेक भार वूल्फसनचा, व वाद्यरचनांतील मोठा हिस्सा पार्सन्सचा. विभक्त झाल्यावर हा हिशेब आपोआप जुळला. १९९३ सालच्या 'ट्राय एनिथिंग वन्स'पासून पार्सन्सनें आपल्या एकट्याच्या नांवानें तबकड्या काढल्या. तेच वादक, तीच सफाई, ध्वनि पूर्वींइतकाच स्वच्छ. उणीव आहे ती सांगण्याजोग्या विषयाची. उलट वूल्फसनच्या नाटकांतून विषय आहे, भावना आहे, परंतु ती भावना कोठें थांबवावी हें सांगणारा कोणी शेजारीं नाहीं. २००३ सालीं पोवर त्यानें पुन्हां नाटक केलें, आणि त्यांतील गाणीं १९७६ च्या तबकडीशेजारीं ठेवलीं तर दिग्दर्शकाची कात्री कोठें हवी होती हें ओळीओळींत कळतें. २००९ सालीं त्यानें जुन्या अप्रकाशित गाण्यांची एक तबकडी काढली व तिला नांव दिलें 'दि प्रॉजेक्ट दॅट नेव्हर वॉज', कधींच नसलेला प्रॉजेक्ट. त्याच वर्षीं डिसेंबरांत तो वारला.

२०१९ सालीं 'आय इन दि स्काय'च्या नव्या, श्रोत्यास चोहोंकडून वेढणाऱ्या ध्वनीच्या आवृत्तीस अमेरिकेंतील ग्रॅमी पारितोषिक मिळालें. तें ध्वनियोजनेसाठींच असल्यामुळें पार्सन्सच्या हातीं गेलें, व तेंच रास्त. ती आवृत्ति आम्हीं ऐकली. 'सिरियस' चहूं बाजूंनीं उमलत येतें, गिटारचा तो ठेका सुरू होतो, आणि मग श्रोत्याच्या अगदीं समोर, इतर सर्व वाद्यांपासून वेगळा काढून, वूल्फसनचा आवाज ठेवलेला आहे.